न वाजलेली पाचवी गोळी

दाजी, तुमची बंदूक काल पोलीस ठाण्यात जमा झाली. जमा करून घेताना ती रिकामी केली. पाचवी गोळी वाजली नाही. हे आधी सांगतो, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. अक्का कशी आहे, हे दुसरं. त्याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

तुमची निधनवार्ता मी लिहिली नाही. माझ्या जुन्या वर्तमानपत्राच्या कार्यालयातून फोन आला होता, "चार ओळी पाठवा, आतल्या पानावर लावतो." मी नको म्हणालो. त्या ओळींत गाव, वय, कंपनी आणि मागे कोण कोण, एवढंच बसतं. तशा ओळी मी आयुष्यभर लोकांच्या लिहिल्या, तपासल्या, जागा कमी पडली तर कापल्या. म्हणून हे वेगळं लिहितो आहे. यातलं जे मी स्वतः पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन. जे पाहिलं नाही, तिथे तसं म्हणेन.

सुरुवात कुसुममावशींपासून करावी लागते. तुमच्या भुईमुगाच्या बांधापलीकडचं रान त्यांचं. दोन वर्षांपूर्वी काढणीच्या तोंडावर डोंगरकडची डुकरं सुदुंबऱ्याच्या शिवारात उतरली आणि वाफेच्या वाफे उकरून गेली. तुमच्याकडे आजोबांपासून परवान्यावर चालत आलेली ठासणीची बंदूक होती, वनखात्याची रीतसर परवानगी होती. दिवस मावळताना तुम्ही एक गोळी टाकलीत. ती डुकराच्या मागच्या फऱ्याला लागली आणि ते जखमी जनावर उसात शिरलं. सकाळी कुसुममावशी गवताला गेल्या, ते उसातून बाहेर आलं आणि त्यांची पिंढरी फाडून गेलं.

दवाखान्यात तुम्ही त्यांच्या खाटेपाशी मान खाली घालून उभे होतात. मी मागे होतो.

"तुमी काय मुद्दाम केलं व्हय, भाऊ?" मावशी म्हणाल्या. "डुकराचा दात त्यो. नाव इचारून लागतो का?"

"मावशी, हितनं पुढं पाच गोळ्या एका तळहातात बसल्याबिगर जनावरावर बंदूक धरणार न्हाई मी."

"कुणाच्या तळहातात?"

"तुमच्याच."

तुम्ही खरोखर पुठ्ठा मागवलात. औषधाच्या खोक्याचा होता. त्यावर त्यांचा पंजा ठेवायला लावून पेन्सिलीनं कड काढलीत. मावशी हसायला लागल्या. "मेंदी काढताय व्हय? काढा काढा, माझ्या लग्नात कुणी काढली न्हवती."

परत येताना इंद्रायणीच्या पुलावर तुम्ही मोटारसायकल कडेला घेतलीत आणि मला विचारलंत, "पाव्हणं, खरं सांगा. हात हलला असंल का गोळीच वाकडी गेली?"

मी म्हणालो, "एका गोळीवरून काही सांगता येत नाही, दाजी."

उत्तर बरोबर होतं. आजही बरोबरच आहे. पुढचे दोन हिवाळे आपण जे केलं, ते त्या एका प्रश्नासाठी केलं. हात की गोळी. गोळीचा दोष निघाला असता तर तुम्हाला पुन्हा झोप लागली असती, हे अक्काने मला सांगितलं होतं. हाताचा निघाला असता तर तुम्ही बंदूक परत करणार होतात, हे तुम्ही.

रविवारी मी लोणावळ्याहून लोकलने यायचो, बेगडेवाडीला उतरायचो. तुम्ही स्टेशनबाहेर गाडी सुरूच ठेवून बसलेले असायचात, जणू मला उशीर झालाय. तिथून घरी, चहा, आणि मग गावामागच्या बंद पडलेल्या दगडखाणीत. खाणीच्या टोकाला मातीचा भराव, त्याच्यापुढे आंब्याची पेटी, पेटीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर मावशींचा पंजा. मूळ पुठ्ठा घरी ठेवून तुम्ही त्यावरून नवे कापून घेत होतात.

अक्का दारातून ओरडायची, "डुकरं भुईमूग खात्यात आन हे दोघं पुठ्ठ्याला गोळ्या घालत्यात! पुठ्ठ्यानं काय खाल्लंय रं तुमचं?"

तुम्ही म्हणायचात, "तुज्या भावाला इचार. त्यो पेपरवाला हाय, त्याला सगळं दोनदा तपासायला लागतं."

पंचक्रोशीतल्या बाकी ठासणीच्या बंदुका आतून गुळगुळीत. तुमच्या नळीला आतून आटे होते, गोळीला फिरकी देणारे. त्यामुळे कुठली गोळी तिला मानवते हा शोध तुम्हालाच करावा लागला, विचारायला कुणी नव्हतं. कंपनीच्या टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस तुम्ही. साचे स्वतः कातलेत. प्रत्येक गोळी सोनाराच्या छोट्या काट्यावर घालून बघायचात, हलकी निघाली की परत वितळवायचात, कारण आत हवेचा बुडबुडा राहिला असणार.

आधी गोल गोळी झाली. तेलात भिजवलेली सुती चिंधी तिच्याभोवती, आणि गजानं खाली दाबायची. पहिली गोळी पंज्याच्या मधोमध जायची. दुसरी जवळपास. तिसरीपर्यंत नळीत इतकी काजळी साठायची की गज दाबताना तुम्ही छातीचा भार घालायचात आणि संध्याकाळी खांदा चोळत बसायचात. तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. माझं म्हणणं, गोल गोळीच ठेवा. स्वच्छ नळीतून पहिली गोळी नेमकी जाते, आणि जनावर एकाच गोळीत पडायला हवं असेल तर दुसरीचा विचार कशाला?

"आन पयली चुकली तर?"

"चुकत नाही, हे आपण पाहिलंय."

"पुठ्ठ्यावर पाह्यलंय. चुकलेल्याला पुढची लागती, पाव्हणं. लगेच. नळी पुसंपर्यंत डुक्कर थांबत न्हाई. माजं न्हाई थांबलं."

यावर मी पुढचा पुठ्ठा लावायला निघायचो. पटलं म्हणून नाही.

तुमचा जीव लांबट गोळीवर होता, बुडाशी पोकळ असलेल्या. ती नळीत सैल उतरते, बार उडाला की धक्क्याने तिची बुडाची कड फुलते आणि आटे पकडते. "छत्री उघडती तशी उघडली पायजे," तुम्ही म्हणायचात. पण तुमची छत्री उघडत नव्हती. हायवेवरच्या टायरवाल्याकडून तुम्ही चाकांना लावायची शिशाची वजनं आणायचात आणि ती वितळवून गोळ्या ओतायचात. त्या पुठ्ठ्यावर कुठेही जायच्या. काहींनी गोल भोक न पाडता कुलपाच्या किल्लीसारखं लांबट भोक पाडलं, म्हणजे गोळी हवेत कोलांट्या खात आली होती. कुसुममावशींच्या डुकरावर तुम्ही टाकलेली गोळी याच शिशाची होती. ते तुम्ही एकदाच बोललात आणि पुठ्ठा उलटा करून ठेवलात.

मग मासे धरायच्या जाळ्यांना लावतात ती शिसं झाली. त्यांच्या निम्म्या गोळ्या बऱ्या गेल्या, निम्म्या नाही. कारण कळेना. मी म्हणालो, आकारच चुकतोय. तुम्ही म्हणालात, शिसं चुकतंय. हा वाद एका अख्ख्या उन्हाळ्यात मिटला नाही. तुम्ही फोनवरही तो उकरून काढायचात, आणि मग अक्काला फोन द्यायला विसरायचात.

लोणावळ्यात तुंगार्लीला माझ्या इमारतीमागचा जुना बंगला यंदा पाडला. छपराच्या पन्हळीत शिशाचा पत्रा निघाला. ठेकेदाराला विचारून मी एक गुंडाळी घेतली आणि तुम्हाला आणून दिली. तुम्ही अंगठ्याचं नख त्यावर ओढलंत. स्पष्ट ओरखडा उठला.

"लोणी हाय हे," तुम्ही म्हणालात. "पाव्हणं, हे लोणी हाय. चाकाचं शिसं कडक, ते फुलतच न्हवतं. आता बघा."

तुमचा चेहरा तसा मी अक्काच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आता तो रविवार. इथून पुढे मी सावकाश लिहितो.

त्या सकाळी चार गोळ्या झाल्या. चारही मावशींच्या पंज्यात बसल्या. चौथी दुसरीला चिकटून गेली. मी पुठ्ठ्यापाशी जाऊन पाहिलं, तिथूनच ओरडून सांगितलं. तुम्ही हात वर केलात, उजवा. तोवर त्यानेच तुम्ही डावा चोळत होतात.

मी परत आलो तेव्हा तुम्ही पाचवी नळीत सोडलीत. "बघा, बघा. अंगठ्यानं उतरतीये. गजाला जोरच न्हाई लागत." आणि त्याच दमात म्हणालात, "हात लय भरून आलाय राव. ठासून ठासून."

मी म्हणालो, "संध्याकाळी अक्काला तेल लावायला सांगा."

दाजी, मी शब्द मोजून वाचणारा माणूस. दुसऱ्याच्या मजकुरात पहिल्या परिच्छेदात एक आणि तिसऱ्यात दुसरं असेल तर मला झोपेतही खटकतं. तुम्ही सूतभर फरक बोटाने ओळखणारे. गोळी अंगठ्याने उतरते आहे आणि हात ठासून भरला आहे, या दोन गोष्टी एकाच दमात तुम्ही बोललात आणि मी ऐकल्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आदल्या वर्षी हात दुखायचा तो ठासण्यानेच दुखायचा. या वर्षीही तेच कारण आपण धरून चाललो. त्या दिवशी ठासायला काही नव्हतंच.

तुम्ही घोड्याखाली टोपी बसवलीत, बार पेटवणारी ती तांब्याची इवलीशी वाटी. खांद्याला बंदूक लावलीत. मग खाली घेतलीत आणि म्हणालात, "पित्त झालंय वाटतं. जरा बसतो." दगडावर बसलात. बंदूक माझ्याकडे दिलीत. ती तुम्ही ठासल्यावर कधी कुणाला देत नव्हतात, हेही तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी तुमच्या शिकवणीप्रमाणे आधी टोपी काढली, शर्टाच्या खिशात टाकली, आणि तुमच्याकडे पाहिलं तेव्हा तुमच्या कपाळावरून घाम गळत होता.

तुम्हाला आधार देत मी रस्त्यावर आणलं, तिथे एका कंपनीची बस होती, शिफ्टची. तिने घेतलं. कामगारांनी तुम्हाला मागच्या सीटवर आडवं केलं, एकाने स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने तोंड पुसलं. मी तुमच्या पायाशी बसलो, गुडघ्यांमध्ये बंदूक, नळी छताकडे. तुम्ही डोळे उघडून पहिलं तिच्याकडे पाहिलंत. "टोपी?" एवढंच विचारलंत. मी खिसा थोपटून दाखवला. तुम्ही मान हलवलीत. आपलं शेवटचं बोलणं ते.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आत गेलं आणि पहारेकऱ्याने मला अडवलं.

"काका, हे आत न्यायचं नाही."

"माझे मेहुणे आहेत आत."

"तुम्ही जा ना. बंदूक नाही जाणार."

"ती ठासलेली आहे."

तो दोन पावलं मागे सरकला. "मग तर नाहीच नाही. बाहेर ठेवा कुठंतरी."

कुठंतरी. दाजी, तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, ठासलेली बंदूक म्हणजे तान्हं पोर, कुणाच्या हातात द्यायचं न्हाई, कुटं टेकवून जायचं न्हाई. टोपी काढली तरी आतला बार जिवंतच असतो. तिथे रिक्षावाले होते, लहान मुलं घेऊन आलेल्या बाया होत्या, नारळपाण्याची गाडी होती. मी भिंतीच्या कडेला, सगळ्यांपासून दूर, नळी वर धरून उभा राहिलो. तुम्ही आत होतात आणि मी तुमची बंदूक सांभाळत होतो. तुम्ही कोणत्या क्षणी गेलात ते मला माहीत नाही. ते मी पाहिलं नाही.

अक्का कुणाच्या तरी गाडीतून आली. मला बघून थांबली. "तू हितं काय करतोस? त्यांच्यापाशी कोणे?"

मी सांगितलं. तिने बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पळत आत गेली. पाठोपाठ आतून जो आवाज आला त्यावरून मला कळलं. बातमी मला अशीच मिळाली, आवाजावरून, दाराबाहेर.

तेव्हापासून रोज मी तो प्रसंग मांडून बघतो. बंदूक नळकांड्यासारखी फेकून आत गेलो असतो तर काय झालं असतं? बहुतेक काहीच नाही. तुम्ही तरीही गेला असतात. पण एक हात तुमच्या हातात असता. बाहेर कुणाला काही झालं असतं तर तुम्ही मला माफ केलं नसतंत, हेही खरं आहे. मी काहीही केलं तरी हिशेब लागत नाही. लिहूनही लागत नाही, हे आत्ता लिहिताना कळतं आहे.

मी सुदुंबऱ्यालाच राहिलो. बंदूक अक्काच्या कपाटात, तशीच, ठासलेली. दहाव्याच्या सकाळी मी एकटा खाणीत गेलो. पेटी तिथेच होती. पुठ्ठा दवाने मऊ पडला होता. पंजा, त्यात चार भोकं. खिशात टोपी होती, शर्ट बदलताना मी ती दरवेळी खिशात टाकत होतो. घर जवळ, कपाटाची किल्ली माझ्याकडे. खाणीत एक आवाज झाला तर कुणाला काय कळणार होतं?

मी तिथे बराच वेळ उभा होतो, दाजी. परवाना तुमच्याबरोबर गेला, आता त्या बंदुकीला हात लावायचाही मला हक्क नाही, वाजवली तर निस्तरायला अक्का आहे, हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी वाजवली असती. थांबलो ते दुसऱ्या कारणाने. पाचवी गोळी माझ्या हातून पंज्यात बसली असती तर त्यावरून माझ्या हाताबद्दल काही कळलं असतं. तुमच्या हाताबद्दल काही नाही. चुकली असती तरी नाही. प्रश्न तुमच्या हाताचा होता आणि तो हात आता नव्हता. खाणीत, त्या ओल्या पुठ्ठ्यापुढे, तुम्ही गेलात हे मला पहिल्यांदा पुरतं कळलं. स्मशानात कळलं नव्हतं. मी खाली बसलो. नंतर उठून घरी आलो. यापलीकडे तिथलं सांगण्यासारखं काही नाही.

त्याच दिवशी दुपारी कुसुममावशी आल्या. पाय अजून ओढतात. ओट्यावर बसून म्हणाल्या, "मी चालतीये की. गवताला जातीये. त्यांनीच उगा डोक्यात धरलं." मग अक्काकडे न बघता म्हणाल्या, "काय निघालं म्हणं शेवटाला? हात का गोळी?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "चार बसल्या." मावशींनी मान हलवली. चार म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. अक्कानेही नाही, तेव्हा.

काल ठाण्यात गेलो. अक्का बरोबर आली, मी नको म्हणत असताना. हत्यारं बघणारा हवालदार मुख्यालयातून आला होता. त्याने गज आत सोडला, तो वरच अडला, आणि त्याने आमच्याकडे पाहिलं.

"भरलीय ही."

"हो," मी म्हणालो.

"मातीत वाजवून रिकामी करू, का ओढून काढू?"

मी बोलणार होतो. अक्का आधी बोलली. "वाजवू नका. आवाज नको."

त्याने टोपीच्या जागेतून पाणी सोडून आतली दारू मारली. मग गजाच्या टोकाला मळसूत्र लावलं, आत फिरवलं, आणि ओढलं. "कुणी ठासली, काका? हातात कसब असलेला माणूस असणार. एवढी मऊ गोळी, जरा वाकडी झालेली नाही." गोळी बाहेर आली. नाकाला मळसुत्राचं भोक, बाकी अखंड. बुडाची कड गोल, न फुललेली. त्याने ती पुसून अक्काच्या हातावर ठेवली. "नुसतं शिसं आहे हे, बाई. न्यायचं तर न्या."

बाहेर बाकावर अक्का ती बोटांत फिरवत बसली. दोन वर्षांत तिने यातली एकही गोळी हातात धरली नव्हती.

"दत्ता, हात हलला व्हता का शिसं व्हतं?"

"अक्का, चार गोळ्या बसल्या. पाचवी..."

"चार-पाच नको सांगू. मी काय इचारतीये?"

"खात्रीने सांगता येत नाही. त्या दिवशी नेमकं काय झालं ते..."

"खात्री तुज्या पेपरात ठेव." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दोन वर्षं माजा माणूस उठून बसायचा, हाताकडं बघायचा. मला एक सांग. हात का शिसं?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मी तिच्या बोटांतल्या गोळीकडे पाहिलं.

"शिसं," मी म्हणालो. "शिसंच होतं, अक्का. हात नाही हलला."

तिने गोळी रुमालात गुंडाळली आणि उठली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत. बांधापर्यंत गेली आणि पलीकडच्या रानात वाकलेल्या कुसुममावशींना तिने मोठ्याने हाक मारली. "मावशी! शिसं व्हतं गं! त्यांचा हात न्हवता हलला!" मावशी ताठ उभ्या राहिल्या. "मंग! मी काय म्हणत व्हते!" त्या ओरडल्या. शेजारच्या रानातले दोघं काम थांबवून ऐकत होते. रात्रीच्या जेवणाआधी दुकानावर तेच चाललं होतं, असं मला नंतर कळलं.

दाजी, चार गोळ्या, दोन वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ, आणि मधे साक्षीदार कुणीच नाही. एवढ्यावर मी आयुष्यात कधी ओळ छापायला सोडली नव्हती. ही सोडली आहे. गावभर झाली आहे. तिचा खुलासा माझ्याकडून येणार नाही.